तेरावा चॅनल

पिको बेटावर वारा असला
की शिडीवर चढायचं नाही, हा माझा नियम.
झुल्मिराबाईंचा फोन आला तेव्हा वारा होता.
त्या म्हणाल्या, शिडी नको, तू नुसता ये.
नऊ वर्षांनी लेक घरी आलाय
आणि त्याच्या फोनला आपलं घर दिसत नाही.

काळ्या दगडांच्या कुंपणांमधून मोपेड काढत गेलो.
राउटर कपाटावर, क्रोशाच्या रुमालावर,
संत अंतोनियोच्या पायाशी.
तीन हिरवे दिवे, लाल एकही नाही.
म्हणजे दुखणं इथं नव्हतं.

एर्मिनियू स्वयंपाकघरात उभा, फोन छताकडे धरून,
जसं कुणी भांडं धरावं गळक्या कौलाखाली.
त्याला सगळं दिसत होतं:
पाद्रीबाबांचं नेटवर्क, बेकरीचं,
रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरचं,
वरच्या घरात उतरलेल्या जर्मन पाहुण्याचंसुद्धा.
आईचं तेवढं नाही.

सात वेळा बंद करून चालू केलं, म्हणाला.
सगळे सातच वेळा करतात.
आठव्यांदा मला बोलावतात.

आधी वाटलं, कुलूप नवं आणि किल्ली जुनी:
राउटर नव्या धर्तीची सुरक्षा मागतोय
अन् फोन जुन्या वळणाचा.
पण मग नाव तरी दिसलं असतं,
दार दिसलं असतं आणि उघडलं नसतं.
इथं दाराचाच पत्ता नाही.
आणि शेजारी झुल्मिराबाईंच्या टॅबलेटवर
मालिकेतली नायिका
धाय मोकलून रडत होती, एकदाही न अडकता.

फोन घेतलास कुठं?
फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स.
तिथल्याच एका दुकानात, हप्त्यानं, बरीच वर्षं झाली.

सूत हाती लागलं.
राउटरच्या पोटात शिरलो. पाहतो तर
त्यानं आपल्याच अकलेनं, गर्दी नको म्हणून,
तेरावा चॅनल धरलेला.
आमच्याकडे तेरा वाटा मोकळ्या.
तिकडे अकरावर मोजणं थांबतं,
पुढं कुणी हाका मारत असेल
हे त्या फोनला कुणी सांगितलेलंच नाही.

मग दोष कुणाचा, बाईंनी विचारलं.
दोष नाही बाई, कायदा निराळा.
त्यांना ते पटलं नाही. राउटरकडे
ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं
त्या सुनेच्या फोटोकडे पाहतात.

सहावर आणला. सहावर अख्खी आळी नांदते,
बेकरी, पाद्रीबाबा, दातांचा डॉक्टर,
सगळे एकमेकांचं बोलणं तोडत.
एर्मिनियूनं हात खाली घेतला.
आलं, म्हणाला.

पासवर्ड?
बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं.
मागं आदेलीनूचं अक्षर, नांगर दाबून ओढल्यासारखं:
मिमोझा, आणि पुढं चार आकडे.
मिमोझा म्हणजे गाय. आकडे तिच्या कानातल्या बिल्ल्याचे.
ही तर मी शाळेत असतानाच गेली, लेक म्हणाला,
मोठ्यानं हसला,
आणि टाइप करताना दोनदा चुकला.
शेवटी शेवटी, बाई म्हणाल्या, त्यांना तेवढंच आठवायचं.

पैसे नको म्हटलं तर अर्धं चीज दिलं,
कागदात गुंडाळून, वर दोरी.

गुरुवारी तो गेला.
शुक्रवारी मी आपणहून फोन केला: मालिका अडकते का?
अडकते तर. ती बया रडायला तोंड उघडते
आणि ते चक्र फिरत बसतं,
माझे बटाटे सोलून होतात तोवर.
परत तेरावर नेऊ? पाच मिनिटांचं काम.

आज वारा आहे ना रे, त्या म्हणाल्या.

मी खिडकीतून पाहिलं.
फायालपर्यंत पाणी
इस्त्री केल्यासारखं पडलं होतं.
हो, म्हटलं. बराच आहे.